हसं की हसू

माझ्याविरुद्ध तक्रार आली आणि मला आनंद झाला. हे मी शैलेंद्रला सांगितलं तेव्हा त्याने हेडफोन एका कानावरून सरकवून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कानावर ओढला. लॉकडाउनमध्ये बायको कशानेही आनंदित होऊ शकते हे त्याने तोवर मान्य केलं होतं. पण त्याला कसं सांगू. टीव्हीच्या पडद्याच्या तळाशी जी पांढरी अक्षरं उमटतात आणि पुसली जातात, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी, ती मी लिहिते. इतकी वर्षं लिहिते आहे आणि आजवर कुणी एका शब्दाने बोललं नव्हतं. मीठ बरोबर पडलं की कुणी मिठाचं नाव काढत नाही, तसलं हे काम. आणि त्या सकाळी माझी मॅनेजर केरी कॉलवर आली, तिच्या मागे तिचं मांजर पुस्तकांच्या कपाटावर चढत होतं, आणि म्हणाली, "नीलिमा, डोन्ट पॅनिक, एक कम्प्लेंट आलीय. 'सनीबँक लॉज'. तो दिवे जातात तो एपिसोड." मग तिने वाचून दाखवलं. ज्या कुणी हे टाइप केलं आहे तिला सांगा, ती माझ्या हशावर पाय देऊन गेली, आणि तो हशा मी फुकट मिळवलेला नव्हता. खाली नाव होतं ओडेसा प्रुइट. "कोणी जुनी फॅन असेल, नाही का?" केरी म्हणाली. मी खुर्चीतून उठलेच. फॅन कसली, ती त्या मालिकेतली गर्टी होती. जिचं एकेक वाक्य मी सगळा हिवाळाभर कानाला लावून पुन्हा पुन्हा ऐकत होते ती बाई. ती जिवंत होती, इथेच मेलबर्नमध्ये होती आणि माझं लिहिलेलं वाचत होती.

'सनीबँक लॉज' ही सत्तरच्या दशकातली कृष्णधवल विनोदी मालिका. मिसेस पेनी नावाच्या एका कजाग बाईचं बोर्डिंग हाउस, तिथले चारपाच बिऱ्हाडकरू आणि त्यांची स्वयंपाकीण गर्टी. दर आठवड्याला घराघरात दिसणारी पहिली काळी विनोदी नटी, असं फाइलसोबतच्या माहितीत एका ओळीत म्हटलं होतं, आणि पुढच्या ओळीत लगेच पडद्याचं माप दिलं होतं. पहिल्या भागात तिला दोन वाक्यं आहेत, "येस, मिसेस पेनी" आणि "नो, मिसेस पेनी". सुरुवातीला मी तिच्याकडे पाहतसुद्धा नव्हते, मला कुठे कोण बोलतं एवढ्याशीच मतलब. मग हळूहळू लक्षात आलं की माझ्या कॅप्शनमध्ये जिथे जिथे हशा आहे तिथे बोलणारं कुणीच नाही. गर्टी नुसती ट्रे घेऊन उभी आहे. "येस" म्हणण्याआधी ती इतका वेळ घेते की तेवढ्यात मिसेस पेनीचं सगळं शहाणपण ढासळून पडतं. माझ्या आईच्या भाषेत सांगायचं तर बाईला जागा कळत होत्या. आई सांगलीची, सांगलीत भाजीवालीलासुद्धा नाटकातलं कळतं. आणि तो दिव्यांचा भाग असा: पाहुणे जमलेत, गर्टी चहा घेऊन येते, मिसेस पेनी म्हणतात, "गर्टी, काहीतरी बोल बाई, म्हणजे तू कुठे उभी आहेस ते तरी कळेल." हशा. गर्टी थांबते. ट्रे ठेवते, भिंतीपाशी जाते, बटण दाबते, पुन्हा थांबते. मग पडदा काळाकुट्ट होतो. काहीच नाही. बशीवर कप ठेवल्याचा आवाज येतो. मग अंधारातून गर्टी म्हणते, "आता तुम्ही बोला, मिसेस पेनी. तुम्ही कुठे आहात?" आणि मग जो हशा येतो तो ओसरतच नाही. आमच्या कामात एक सोय असते. पडद्यावरचं दृश्य बदललं की सॉफ्टवेअर कॅप्शनला ओढून त्या बदलाला चिकटवतं, म्हणजे वाचणाऱ्याचे डोळे अडखळत नाहीत. मी ती सोय मान्य करून पुढे गेले होते. दिवे गेले त्याच क्षणी अंधारात माझी पांढरी अक्षरं उगवली, आता तुम्ही बोला मिसेस पेनी. गर्टीने तोंड उघडायच्या कितीतरी आधी तिचा विनोद मी सांगून मोकळी झाले होते. आणि दोन्ही हशांवर मिळून एकच शब्द ठेवला होता, कंसात, लाफ्टर.

मी त्या बाईंशी बोलायची परवानगी मागितली. केरी म्हणाली की असं कुणी करत नाही, आणि मग म्हणाली की आजकाल कुणी काहीच करत नाही, सो गो अहेड. ओडेसाबाई ज्या वृद्धाश्रमात होत्या तिथे मधू नावाची एक केअरर होती, तिने टॅबलेट लावून दिला. मधू जालंधरची. मास्क, चेहऱ्यावर पारदर्शक ढाल, वर निळा गाउन. मला तिचे फक्त डोळे दिसले. "दीदी, इनको कुछ सुनाई नहीं देता," ती म्हणाली, "पहले होंठ देखके समझ लेती थीं. अब मास्क में क्या देखेंगी." म्हणजे मार्चपासून या बाईंनी कुणाचे ओठ पाहिले नव्हते. बाहेरचा माणूस आत यायचा नाही आणि आतल्या माणसांना तोंड नाही. बोलणारं जग तेवढं टीव्हीच्या तळाशी उरलं होतं, म्हणजे मी उरले होते, आणि मी विनोद आधी सांगून टाकत होते. मला त्या खोलीत जाऊन त्यांचे पाय धरावेसे वाटले, आणि त्याच वेळी हसूही येत होतं, कारण त्या लिपस्टिक लावून बसल्या होत्या. पांढरे आखूड केस, मोठा चष्मा, लालभडक ओठ. माझा चेहरा स्क्रीनवर आला तशा त्या पुढे वाकल्या आणि म्हणाल्या, "तर ती टायपिस्ट तू. मला वाटलं गोरी असशील." त्या बोलायच्या आणि मी चॅटमध्ये लिहायचे असं ठरलं होतं. मी त्यांना प्रत्येक एपिसोड किती आवडला ते लिहू लागले. त्या म्हणाल्या, "बघ, पुन्हा. माझं वाक्य संपलं नव्हतं." मी हात वर केले. त्या थांबल्या, मला पुरतं ताटकळत ठेवलं आणि मग म्हणाल्या, "आता संपलं."

त्या शिकागोच्या. आई लाँड्रीत इस्त्री करायची आणि गिऱ्हाइकांच्या नकला करून पोरांना झोपवायची, म्हणजे पोरं झोपायचीच नाहीत. गाणाऱ्या मुलींच्या ताफ्यातून त्या सिडनीला आल्या, ताफा परत गेला, यांचं ॲपेंडिक्स नेमकं तेव्हाच फुटलं आणि या हॉस्पिटलात राहिल्या. "हा देश मला टाके घालून शिवलेला आहे," त्या म्हणाल्या. मग रेडिओवरच्या जाहिराती, कारण रेडिओत रंग दिसत नाही; साबणाची, बिस्किटांची, एका गोऱ्या आजीचीसुद्धा. मग ही स्वयंपाकीण. नंतर त्यांच्या एकटीच्या नावाने मालिका आली ती वर्षभरात बंद पडली, कारण निर्मात्यांना गर्टी हवी होती, पण घराच्या मालकिणीच्या जागी नको होती. पुढे मुलांच्या कार्यक्रमात एक बोलणारं झाड, मग पाहुणी म्हणून कधीमधी, मग कान गेले. हे सगळं त्या इतकं रंगवून सांगत होत्या की मी फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा पोट धरून हसत होते, आणि त्या माझ्या हसण्याकडे टक लावून पाहत होत्या, कारण त्यांना ते फक्त दिसत होतं. मग मी दिव्यांचं विचारलं. त्या गंभीर झाल्या. "ते स्क्रिप्टमध्ये नव्हतं," त्या म्हणाल्या. "स्क्रिप्ट पेनीच्या वाक्यावर संपत होतं. त्यांनी हसायचं आणि मी ट्रे घेऊन आत जायचं. त्या दिवशी माझे पाय आत जाईनात. सेटवरचं बटण खोटं असतं, ठाऊक आहे ना? भिंतीवर चिकटवलेलं प्लास्टिक. मी ते दाबलं आणि काहीच झालं नाही. समोर स्टुडिओत बसलेली तीनशे माणसं मला हसतायत आणि मी खोट्या बटणावर बोट ठेवून उभी. वर टेड होता, दिवेवाला. त्याला कळेल का, एवढाच प्रश्न होता. तू त्याला पॉज म्हणत असशील. तो पॉज नव्हता, बाई. मी घाबरले होते." आणि टेडला कळलं. त्याने सगळे दिवे घालवले.

त्यांचं म्हणणं एवढंच होतं. शनिवारी दुपारी वृद्धाश्रमातल्या सगळ्या खोल्यांमध्ये एकाच वेळी तो भाग लावणार होते, दारं बंद, ज्याचा त्याचा टीव्ही, आवाज मोठा आणि कॅप्शन चालू, कारण तिथे कानाने धड कुणीच नाही. मधूने ते जमवून आणलं होतं. "ऐकू मला येणार नाही," ओडेसाबाई म्हणाल्या, "पण भिंत पातळ आहे. हात ठेवला की कळतं. गेल्या वेळी मी हात ठेवून बसले आणि काहीच आलं नाही. त्यांनी आधीच वाचलं होतं. मी आता नव्वदीला आलेय, मला तो हशा एकदा परत हवा. आणि त्या कंसातल्या शब्दाचं काय करतेस ते बघ. तिथे दोन हशे आहेत. तू दोन्हींना एकच नाव दिलंयस." मी ताडकन लिहिलं की आमच्या भाषेत यासाठी दोन शब्द आहेत. हसं होतं तेव्हा लोक तुम्हाला हसतात आणि तुमची शोभा होते. हसू येतं तेव्हा ते नुसतं येतं, कुणाचं काही जात नाही. एका स्वराचा फरक. त्यांनी म्हणून पाहिलं, "हसा. हसा." दोन्ही एकच म्हणत होत्या. मग मी तोंड कॅमेऱ्याजवळ नेलं आणि दाखवलं, हसं म्हणताना ओठ शेवटी उघडेच राहतात, हसू म्हणताना गोळा होतात, गरम चहावर फुंकर घालतो तसे. त्या माझ्या ओठांकडे पाहत राहिल्या. किती महिन्यांनी कुणाचे तरी ओठ, मला वाटलं, आणि मी उगाचच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, हसं, हसू, हसं, हसू, तोवर मागून ऋतिका येऊन म्हणाली, "आई, व्हॉट आर यू डूइंग टू दॅट लेडी?"

दुरुस्तीसाठी उघडलेली फाइल शुक्रवारी बंद होणार होती. अंधारातलं वाक्य मी पहिल्यांदा सोडवलं, दृश्यापासून सुटं करून गर्टीच्या तोंडाला नेऊन बांधलं. मधला काळा पडदा रिकामा ठेवला तर सॉफ्टवेअर लाल रंगाने ओरडू लागलं, कारण इतका वेळ काळं आणि कोरं दिसलं की माणसाला टीव्ही बिघडला वाटतं असा नियम आहे. ओरडू दिलं. पण पहिला हशा. मी तो हेडफोनमधून ऐकत राहिले. वाईट हशा नव्हता तो, कुणी शिट्टी मारत नव्हतं, सभ्य माणसांचा, कोट घालून आलेल्यांचा, घरगुती हशा होता. तरी माझ्या मानेवर काटा येत होता आणि तो कुठून येतोय हे मला माहीत होतं. शाळेच्या गॅदरिंगला सूर्य-चंद्राचं नाटक होतं आणि मला रात्रीचं काम दिलं होतं. काळी साडी, चांदण्या चिकटवलेल्या. मी विंगेतून पुढे आले, अजून बोललेही नव्हते, आणि सगळा हॉल हसला. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, मेकअपचा खर्च वाचला. घरी येऊन मी रडले, माझं हसं झालं, माझं हसं झालं. आई चांदण्या सोडवत म्हणाली, हसं नव्हे गं, हसू. तू गोड दिसत होतीस म्हणून हसू आलं त्यांना. मी तिचं ऐकलं आणि त्यावर पुढचं सगळं आयुष्य काढलं. पण मग इथे हेडफोनमध्ये मला जे ऐकू येतंय ते काय. गर्टीवरचा हा हशा आणि त्या हॉलमधला हशा यांचा आवाज तंतोतंत एक आहे. आई खरं बोलली असेल तर माझा कान खोटा, आणि कान खोटा असेल तर कंसात काहीही लिहायचा मला अधिकार नाही. मी सांगलीला फोन लावला. आई मटार सोलत होती, तिच्या मागे टीव्हीवर रुग्णांचे आकडे चालले होते. मी विचारलं, "आई, ते रात्रीचं काम आठवतं? खरं सांग, तेव्हा काय होतं?" तिने मटार सोलणं थांबवलं नाही. "हसंच होतं," ती म्हणाली. "तू रडत होतीस, मी काय सांगणार होते? सगळी सांगली हसली तुला. मला तर त्या मागच्या रांगेत जाऊन एकेकाच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती." आणि मग, "आज का विचारतेस?" मला रडू यायला हवं होतं, पण मला भयंकर आनंद झाला होता. एवढी वर्षं माझा कान बरोबर होता. "काही नाही गं," मी म्हणाले, "कामासाठी हवं होतं."

केरीला मी सांगितलं की पहिल्या हशाच्या जागी मी 'लाफ्टर ॲट हर' लिहिणार आहे. तिला हसतात. आणि दुसऱ्या जागी नुसतं 'लाफ्टर'. केरी म्हणाली, "नो, मेट. आपण आवाज लिहितो, अर्थ नाही लिहीत." मी म्हणाले, "हा अर्थ नाही केरी, आवाजच आहे. ऐकू येणाऱ्या माणसाला तो फरक ऐकू येतो. न येणाऱ्यापासून आपण तो चोरून ठेवतो." "हे कुणाच्या नजरेत आलं तर पुढचं कॉन्ट्रॅक्ट तुझं नसेल, आणि माझंही कदाचित." "माहीत आहे." मी म्हणाले. तिचं मांजर कीबोर्डवर चालून गेलं. केरी मांजराला उचलत म्हणाली, "मी ही फाइल पाहिलीच नाहीये. नो वरीज." मी टीव्हीवर फाइल लावली, आवाज बंद केला आणि ऋतिकाला टोस्ट खाता खाता बसवलं. तिला काही सांगितलं नाही. मिसेस पेनी बोलल्या, कंसातली अक्षरं आली. ऋतिकाचा टोस्ट हातातच राहिला. "दॅट्स सो मीन," ती म्हणाली. "कोण हसलं? व्हाय आर दे लाफिंग ॲट हर?" गर्टी बटणावर बोट ठेवून उभी होती. पडदा काळा झाला. "आई, बंद पडला टीव्ही," ऋतिका रिमोट शोधायला लागली, आणि मी तिचा हात धरून ठेवला. जणू त्या खोट्या बटणावर माझंच बोट होतं. मग अंधारात अक्षरं आली आणि ऋतिकाच्या नाकातून टोस्टचा तुकडा बाहेर पडला.

शनिवारी दुपारी मी स्वयंपाकघराच्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसले. बाहेर शेजाऱ्यांच्या वॉटलच्या झाडाला पिवळी फुलं आली होती आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मधूने ओडेसाबाईंचा टॅबलेट उशीला टेकवून ठेवला, "दीदी, मुझे सात नंबर में जाना है, आप बस देखते रहना," म्हणाली आणि गेली. जाताना तिचा अंगठा कुठेतरी लागला असावा, कारण त्यानंतर तिकडचा आवाज आलाच नाही. मी टाइप करायला हात पुढे केला, तुमचा माइक बंद आहे, आणि मागे घेतला. त्यांना काय फरक पडणार होता, आणि मला तरी काय. त्या खुर्चीत भिंतीला लागून बसल्या होत्या, लाल लिपस्टिक, उजवा तळवा पांढऱ्या भिंतीवर सपाट टेकवलेला. टीव्ही मला दिसत नव्हता, पण त्यांच्या चष्म्याच्या काचांत तो हलत होता. मी त्या काचांकडे पाहत होते. चौकोनी उजेड, त्यात ठिपक्याएवढी मिसेस पेनी, ठिपक्याएवढी गर्टी. बाईंचा चेहरा हलला नाही. पण जबडा किंचित घट्ट झाला, म्हणजे कंसातले माझे शब्द त्यांनी वाचले. तेव्हा हसले होते तसे आताही भिंतीपलीकडे कुणी हसलं की काय, मला कळायला मार्ग नव्हता. मग काचा विझल्या. चष्म्यात फक्त त्यांचे डोळे उरले. शैलेंद्र पाणी प्यायला आला, माझ्याकडे पाहिलं आणि नळ न सोडता तसाच उभा राहिला. काचा काळ्या, तळवा भिंतीवर, आणि तो वेळ इतका लांबला की माझी खात्रीच झाली, मी चुकले, वाक्य फार उशिरा टाकलं, सगळी म्हातारी माणसं आपापल्या रिमोटची बटणं दाबत असतील. मग चष्म्याच्या तळाशी एक पांढरी रेघ उमटली.

ओडेसाबाईंनी डोळे मिटले. तळवा भिंतीवरच होता, आता बोटं पसरली होती, आणि त्यांनी दुसराही हात उचलून भिंतीवर ठेवला. त्या तशाच राहिल्या. काचांत पुन्हा उजेड आला, माणसं हलू लागली, तरी त्या राहिल्या. मला विचारायचं होतं, माझी बोटं कीबोर्डवर होती, आलं का, आलं का, आणि या खेपेला मी एक अक्षरही लिहिलं नाही. त्यांचं वाक्य संपलं नव्हतं. मग त्या वळल्या, टॅबलेटच्या अगदी जवळ आल्या, स्क्रीनभर तो लाल ओठांचा चेहरा झाला, आणि त्या काहीतरी म्हणाल्या. आवाज नव्हता. मी ओठांकडे पाहत होते. आधी ते नुसते उघडले, ह. मग दात दिसले, स. मग त्या थांबल्या. मुद्दाम थांबल्या, मला ताटकळत ठेवून, डोळे मिचकावत. आणि मग ते ओठ हळूच गोळा झाले, गरम चहावर फुंकर घालतो तसे.